निगेटिव्ह स्कॅन करायच्यात: व्ह्यूस्कॅन घ्यावं की सिल्व्हरफास्ट?

व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट ही दोन्ही स्कॅनर चालवणारी विकतची सॉफ्टवेअर. फक्त कागदी प्रिंट स्कॅन करायच्या असतील तर दोन्हींवर पैसे घालवू नका. स्कॅनरसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये 600 डीपीआय (दर इंचाला 600 ठिपके) ठेवा, ऑटो करेक्शन बंद करा आणि टिफ या फाइल प्रकारात सेव्ह करा. काम भागतं.

निगेटिव्हचं मात्र तसं नाही. रंगीत निगेटिव्ह फिल्मला मुळातच नारिंगी मास्क, म्हणजे नारिंगी छटा, असतो आणि तो नीट वजा झाला नाही, तर सावल्या निळ्या-हिरव्या पडतात. सिल्व्हरफास्टच्या निगाफिक्समध्ये (निगेटिव्हचे रंग सुलटे करणारी सोय, त्यात फिल्मनुसार तयार प्रोफाइल असतात) फिल्मची कंपनी, प्रकार आणि आयएसओ निवडला की पहिल्याच फटक्यात बऱ्यापैकी रंग मिळतात. पण रोल जुना, फिकुटलेला असेल तर प्रोफाइल फसतं. तिथे व्ह्यूस्कॅनची पद्धत सरस: दोन फ्रेममधल्या कोऱ्या पट्टीवर क्रॉप लावून प्रिव्ह्यू घ्या, 'लॉक एक्स्पोजर'वर टिक करा, पुन्हा प्रिव्ह्यू, मग 'लॉक फिल्म बेस कलर'. आता अख्खा रोल एकाच मापाने निघतो. सुरुवातीला किचकट वाटतं खरं. मेनूची मांडणीही काही देखणी नाही.

लायसन्समध्ये फरक मोठा. व्ह्यूस्कॅन विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर आणि हजारो मॉडेलांवर चालतं. ड्रायव्हर बंद पडलेले जुने स्कॅनरही त्यामुळे पुन्हा कामाला लागतात. फिल्मसाठी प्रोफेशनल आवृत्तीच घ्या. सिल्व्हरफास्ट स्कॅनरच्या मॉडेलशी बांधलेलं असतं आणि लिनक्सवर नाही.

धूळ काढणारं इन्फ्रारेड दोन्हींत आहे, स्कॅनरमध्ये तो दिवा असेल तरच. पारंपरिक कृष्णधवल फिल्मवर ते बंद ठेवा: चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं. मल्टी-एक्स्पोजरचा (एकच फ्रेम वेगवेगळ्या एक्स्पोजरला स्कॅन करून जोडणं) फायदा गडद स्लाइडला. निगेटिव्हवर बहुधा वेळच जातो.

मोठा साठा असेल तर रंगांवर घुटमळण्याऐवजी इन्फ्रारेडसह रॉ स्कॅन, म्हणजे कुठलीही प्रक्रिया न केलेला, साठवा; रंग नंतर करता येतात. 35 मिमीची फ्रेम 2400 डीपीआयला सुमारे 77 लाख पिक्सेल, म्हणजे 64 बिटमध्ये (तीन रंग आणि इन्फ्रारेड, प्रत्येकी 16 बिट) जवळपास 62 एमबी. व्ह्यूस्कॅन स्वतःची रॉ फाइल स्कॅनरशिवाय पुन्हा उघडतं. सिल्व्हरफास्टमध्ये त्यासाठी एचडीआर हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, तो खर्च आधीच धरा.

दोन्हींच्या चाचणी आवृत्त्या चित्रावर वॉटरमार्क टाकतात, पण रंग कळतात. त्वचा आणि करडी भिंत एकत्र असलेली एकच फ्रेम दोन्हींतून काढून पाहा.