ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीची फुकट वेबसाइट, 'पेरूझल'वर घासून बघितली

डिक्शनरी कामाची आहे की टुकार हे बघायचं तर तिला कॅट-डॉग विचारून उपयोग नाही, ऑफिसात रोज ठोकला जाणारा पण कुणी कधी नीट न बघितलेला शब्द टाकायचा. मी 'पेरूझल' (perusal) टाकला. तोच तो, 'फॉर युवर काइंड पेरूझल'वाला. आपल्याकडे बरेच जण पेरूसल म्हणतात, तर पेरूचा इथे काही संबंध नाही, शब्दाजवळ दोन स्पीकर असतात, निळा दाबला की ब्रिटिश उच्चार आणि लाल दाबला की अमेरिकन, दोन्हीकडे जोर 'रू'वर आणि पुढे स नाही, झ.

अर्थ दिलाय वाचणे, विशेषतः काळजीपूर्वक. यात काय मोठं असं वाटेल, पण माझ्या फोनमधल्या एका इंग्रजी-मराठी अ‍ॅपमध्ये नुसतं 'वाचन' लिहिलंय, मग पोरं 'माय हॉबी इज पेरूझल' नाही लिहिणार तर काय करणार!

खरी मजा अर्थाच्या आधीच्या बारक्या लेबलात आहे. तिथे फॉर्मल तर लिहिलंयच, सोबत ह्युमरस पण लिहिलंय. म्हणजे करार, अहवाल, कोर्टाचे कागद यांना हा शब्द शोभतो, पण हॉटेलचं मेन्यूकार्ड पेरूझ (याचंच क्रियापद) करतोय म्हणालात तर समोरच्याला वाटणार गंमत चाललीय. शिवाय अनकाउंटेबल की सिंग्युलर हे पण तिथेच, त्यामुळे 'टू पेरूझल्स केले' असलं काही लिहायचं नाही हे आपोआप कळतं. उदाहरणातला करारसुद्धा नीट वाचून मगच सही झालेला आहे, आपल्याकडे उलटं असतं ते सोडा.

हे असं शिकणाऱ्याच्या बाजूने लिहिणं कुठून आलं तर हॉर्नबी नावाचा इंग्रज जपानमध्ये इंग्रजी शिकवायचा, त्याने सहकाऱ्यांबरोबर केलेला कोश 1942 मध्ये आधी टोकियोत निघाला आणि 1948 ला ऑक्सफर्डने घेतला, 2020 ला त्याची दहावी आवृत्ती आली. परक्या माणसाचं कुठे अडतं ते माहीत असलेल्याने लिहिलंय हे पानोपानी जाणवतं.

एका बाबतीत मात्र मेरियम-वेबस्टर ही अमेरिकन डिक्शनरी भारी वाटली. पेरूझ म्हणजे बारकाईने वाचणं की वरवर चाळणं यावर इंग्रजीवाल्यांचीच भांडणं चालतात, आणि वेबस्टर दोन्ही अर्थ सरळ देऊन मोकळी होते. ऑक्सफर्डची ही शिकाऊ डिक्शनरी काळजीपूर्वकवरच भर देते. परीक्षेसाठी ते बरंय, पण एखादा साहेब 'पेरूझ केलं' म्हणाला तर त्याने खरंच वाचलं की नुसती पानं उलटली हे कसं कळणार!

आपल्या कामाच्या बाजूने बघायचं तर मराठीत याला जोडीदार आधीच तयार आहे. सरकारी टिपणीत 'अवलोकनार्थ सादर' असतं ना, तेच. कोर्टाच्या ऑर्डरमधलं 'ऑन पेरूझल ऑफ रेकॉर्ड' म्हणजे आपलं 'अभिलेखाचे अवलोकन केले असता'. म्हणून साहेबांना रिपोर्ट पाठवताना हा शब्द जुनाट वाटला तरी खटकत नाही, पण बाजूच्या टेबलवरच्या मित्राला एक्सेल शीट पाठवताना 'बघून घे रे' पुरतं, तिथे काइंड पेरूझल लिहिलं तर तो विचारेल भांडण झालंय का आपलं.

खटकलं काय तर फुकट आहे म्हणून जाहिराती येतात, मोबाइलवर जास्तच जाणवतात. आणि सगळं इंग्रजीतूनच इंग्रजी, व्याख्या सोप्या असल्या तरी पाचवी-सहावीच्या मराठी मीडियमच्या पोराला एकट्याला सोडलं तर कंटाळेल, शेजारी कुणीतरी बसायला लागेल. कॉलेजवाले, नोकरीला लागलेले, स्पर्धा परीक्षावाले यांनी बिनधास्त वापरा, फक्त अर्थ बघून टॅब बंद करू नका, ते लेबल वाचा आधी. पाचपैकी साडेचार, अर्धा जाहिरातींचा कापला.