वर्ड मॅक्रो आणि तळटीपांचे आकडे : सात महिन्यांच्या वापरानंतर

गोव्याच्या इतिहासावरचं मराठी हस्तलिखित तपासायला आलं की तळटीपांचे आकडे हमखास दोन तऱ्हांनी पडलेले असतात. टिपणं पोर्तुगीज पुस्तकांतून काढलेली असली की आकडा बऱ्याचदा विरामचिन्हाच्या आधी, इंग्रजी पुस्तकांतून काढलेली असली की नंतर. १५२६च्या फोरालवरचं (गोव्यातल्या गावांच्या रूढी-परंपरांची पोर्तुगीज सनद) एकच प्रकरण, आणि त्यात दोन्ही. प्रकाशकाला सगळे आकडे विरामचिन्हानंतर हवे असतात. पाचशे तळटीपा हाताने सरकवल्या म्हणून पानाचा दर वाढत नाही. विकतच्या अ‍ॅड-इनची (वर्डला जोडायच्या जादा सॉफ्टवेअरची) मात्र या कामाला गरज नाही, वर्डमध्ये आहे तेवढ्यावर, म्हणजे एका मॅक्रोवर (वर्डने ओळीने करायच्या कामांची आज्ञावली) भागतं.

सुरुवातीला ‘शोधा आणि बदला’ पुरेसं वाटलं होतं. वाइल्डकार्ड (नेमक्या शब्दाऐवजी नमुन्याने शोधायची सोय) चालू करायचं, पहिल्या कंसात कॅरेट (^) आणि दोनचा आकडा (वर्ड तळटीपेची खूण याच नावाने ओळखतो, नेहमीचा कॅरेट-एफ वाइल्डकार्डमध्ये चालत नाही), दुसऱ्या कंसात विरामचिन्हांचा संच, आणि बदलताना आधी दुसरा गट, मग पहिला. क्षणात काम होतं.

पण पूर्णविराम वर चढलेला राहतो! लेखकाने आकड्यानंतर लगेच टाइप केलेला असल्यामुळे त्याला बऱ्याचदा आकड्याचीच सुपरस्क्रिप्ट (लहान करून वर चढवलेली) शैली लागलेली असते. जागा बदलली तरी शैली त्याच्यासोबत जाते. पडद्यावर तो ठिपका दिसतही नाही; छापील पानावर शिरोरेषेजवळ लोंबकळतो आणि सबंध ओळ घाण करतो. पाचशेतले वीस जरी असे सुटले तरी मुद्रितशोधनाचा एक फेरा वाढतो. या एका ठिपक्यापायी ही पद्धत मी कुणाला सुचवणार नाही.

दुसरा दोष ट्रॅक चेंजेसचा, म्हणजे केलेले बदल लेखकाला दाखवणाऱ्या वर्डच्या सोयीचा. तो चालू असताना वाइल्डकार्डने गटांची अदलाबदल केली की क्रम चुकतो. शिवाय आकडा हलवणं म्हणजे वर्डच्या लेखी जुनी तळटीप खोडणं आणि नवी घालणं. लेखकाला प्रत्येक तळटीप दोनदा दिसते.

म्हणून चौथ्या महिन्यात मत बदललं. आता आकड्याला हातच लावत नाही, विरामचिन्ह हलवते. मॅक्रो एकेका तळटीपेच्या खुणेपाशी जातो, पुढचं अक्षर संचातलं आहे का बघतो, असेल तर तेच चिन्ह खुणेआधीच्या अक्षराला जोडतो आणि पुढचं खोडतो. जोडलेलं चिन्ह आधीच्या अक्षराची शैली घेतं, त्यामुळे चढलेल्या ठिपक्याचा प्रश्नच मिटतो. तळटीप जागची हलत नाही. ट्रॅक चेंजेसमध्ये फक्त एक ठिपका आला आणि एक गेला, एवढंच दिसतं. हे पहिल्यांदा पडद्यावर बघितलं तेव्हा फार समाधान वाटलं.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आकड्याआधी मोकळी जागा असेल तर ती आधी काढावी, नाहीतर ‘आहे’ आणि पूर्णविराम यांच्यात फट राहते. साध्या जागेचा अक्षर-क्रमांक ३२, न तुटणारीचा (जिथे ओळ तुटत नाही ती) १६०; दोन्ही तपासा. पूर्णविरामानंतर लगेच मिटतं अवतरणचिन्ह असेल तर दोन्ही मिळून हलवायची. कोकणी किंवा संस्कृत उताऱ्यांसाठी दंडही संचात हवा, पण व्हीबीएच्या (मॅक्रो लिहायची भाषा) खिडकीत देवनागरी टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात. तिथे क्रमांकाने द्या, दंड २४०४ आणि दुहेरी दंड २४०५. कंस आणि डॅश संचात घालू नका. कंसातल्या मजकुराची तळटीप कंसातच राहायला हवी, आणि डॅशच्या आधीचा आकडा बरोबरच असतो.

ट्रॅक चेंजेस चालू असताना मॅक्रो दुसऱ्यांदा चालवू नये. खोडलेला ठिपका बदल स्वीकारेपर्यंत मजकुरात असतोच. मॅक्रो तो पुन्हा उचलतो आणि दोन पूर्णविराम पडतात. फसलंच तर एका कंट्रोल-झेडमध्ये सगळं मागे यावं म्हणून मॅक्रोच्या सुरुवातीला अनडू-रेकॉर्ड उघडून ठेवा. ही सोय वर्ड २०१०पासून आहे.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या फायलींत मात्र काहीच होत नाही. तिथले आकडे हाताने टाइप केलेले असतात, वर्डच्या लेखी त्या तळटीपाच नसतात. फाइल उघडताच तळटीपांची मोजदाद वर्डकडून करून घ्या. पानांवर आकडे दिसत असून मोजणी शून्य आली, तर काम घेण्याआधीच दर वेगळा सांगा.