थीम पार्कच्या रेस्टॉरंटात नोकरी: आधी कोर्स की थेट कामावर?

खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झाल्यापासून आपल्याकडची बरीच मुलं विचारतात: पार्कच्या रेस्टॉरंटात सर्व्हिसला लागायचं, तर हॉटेल मॅनेजमेंट करावं की थेट रुजू होऊन शिकावं?

कोर्समध्ये हात बसतो. ट्रे डाव्या हातावर, चमच्या-काट्याने वाढायचं डावीकडून, ताटली उचलायची उजवीकडून. पदवीला तीन-चार वर्षं जातात, फीही भरावी लागते. पण पुढे कॅप्टन (म्हणजे वेटरांचा प्रमुख), मॅनेजर व्हायचं तर ती उपयोगी पडते.

पार्कातली दुपार मात्र वर्गात शिकवता येत नाही. एकच्या सुमारास सगळे एकदम आत येतात: भिजलेली पोरं, दमलेली आजी, हातात चार पिशव्या. तिथे जुन्या सहकाऱ्याच्या मागे उभं राहून शिकावं लागतं. टेबल पुसताना पुढच्या कुटुंबाकडे बघून नुसतं "दोन मिनिटं हं काकू" म्हटलं, तरी रांगेतला अर्धा राग उतरतो. ऑर्डर घेताना "जैन आहे का? कशाची अ‍ॅलर्जी?" हे आधी विचारायचं, आणि शंका आली तर अंदाज न करता किचनमध्ये जाऊन खात्री करायची. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथली चूक लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते.

बारावीनंतर घरी पैशांची ओढाताण असेल, तर मी थेट कामावर जा असंच सांगेन. फूड सेफ्टीचं 'फॉस्टॅक' प्रशिक्षण थोडक्या वेळात होतं, तेवढं जरूर करा. कोर्स नंतरही करता येतो.