एनोशिमाला जाताना: एनोदेन की मोनोरेल?

जपानमधल्या एनोशिमा बेटाकडे नेणाऱ्या या दोन छोट्या रेल्वे लाइनी. एनोदेन १९०२ साली फुजिसावाहून सुरू झाली आणि १९१० मध्ये कामाकुराला पोचली. लांबी जेमतेम १० किलोमीटर, स्थानकं १५, रुळांची जोडी एकच. त्यामुळे समोरची गाडी येईपर्यंत थांबावं लागतं. फुजिसावाहून घरांच्या कुंपणांना खेटून निघालेली गाडी एनोशिमा आणि कोशिगोएच्या मधे चक्क रस्त्यावरून, मोटारींच्या सोबतीने धावते. आणि मग अचानक समुद्र!

शोनान मोनोरेल १९७० ची. ओफुनाहून ६.६ किलोमीटर, साधारण १४ मिनिटं. डबे वरच्या तुळईला लटकलेले, बोगद्यांतूनही तसेच जातात. रोज ऑफिस गाठायचं तर मी मोनोरेलच निवडेन. कामाकुराहून निघालात तर मात्र एनोदेनच घ्या आणि डाव्या बाजूला उभे राहा. समुद्र तिकडेच आहे.