काय दिवे लावले : सहा महिन्यांनंतरचं मत

अक्कलकोट रोडला आमचं मंगल कार्यालय आहे. आधी तिथे चादरीचा कारखाना होता. माग विकले, शेड राहिली, तिचंच कार्यालय केलं. यंदा सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उरकल्यावर, फेब्रुवारीत, दर्शनी भिंत, छप्पर, मांडव आणि समोरच्या लिंबाखालचा कट्टा एवढ्याचं लाइटिंग नव्यानं करून घेतलं. करणारी दोघं तरुण, एक मुलगा, एक मुलगी, पुण्यात आर्किटेक्चर शिकून सोलापुरात परत आलेली. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि पोरं अजून आमच्याकडे चहाला येतात.

आधी काय होतं ते सांगते. गेटवर २०० वॅटचे आठ पांढरे फोकस आणि छपराच्या कडेनं रंग बदलणारी पट्टी. नवरदेव गेटातून आत आला की आधी डोळ्यांवर हात धरायचा. फोटोत तो हात कायम. दुसऱ्या एका लाइटवाल्यानं कोटेशन दिलं होतं, एक लाख ऐंशी हजारात अख्खी भिंत सोळा रंगांत. आमच्या मिस्टरांना ते एकदम पसंत. "लग्नाचं घर आहे, झगमगाट पाहिजे की!"

ही पोरं संध्याकाळी आली आणि पहिलं काम काय केलं, तर सगळे दिवे बंद करायला लावले. गेटवरचे, पोर्चमधले, पाटीचासुद्धा. म्हणाली, वीस मिनिटं थांबा, डोळे अंधाराला बसू देत. शेजारच्या टपरीवाल्यानं दोनदा येऊन विचारलं, "वहिनी, लाइट गेली काय?" वीस मिनिटांनी खरंच भिंत दिसायला लागली, रस्त्यावरच्या उजेडात, फिकी, पण अख्खी. इतकी वर्षं फोकसच्या मागे ती दिसलीच नव्हती.

मग मुलीनं बॅगेतून एक हातभर लांबीचा दिवा काढला आणि भिंतीच्या पायाशी, वीतभर अंतरावर ठेवला, तोंड वर करून. आमची भिंत काळ्या दगडाची, तुळजापूरकडून आणलेल्या घडीव चिऱ्यांची. काळा दगड उजेड गिळतो. समोरून कितीही फोकस मारा, तो काळाच राहतो आणि मारणाऱ्याचं बिल वाढतं. पण खालून, अगदी भिंतीला घासून उजेड वर गेला तशी छिन्नीची एकेक खूण उठून आली. प्रत्येक ओरखड्याला स्वतःची सावली. सासऱ्यांचं वय ८१. ते खुर्ची ओढून भिंतीजवळ गेले आणि बोटानं त्या खुणा चाचपत बसले. दिवा होता बारा वॅटचा. मिस्टर गप्प झाले ते तिथे.

छपराचं तर मला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. जुन्या कारखान्यांसारखं आमचंही छप्पर करवतीच्या दात्यांचं आहे, दात्याच्या उभ्या बाजूला काचा, सगळ्या उत्तरेला तोंड करून. विणकराला सूत नीट दिसावं म्हणून ऊन नको आणि उजेड तर पाहिजे, त्यावरची ही युक्ती. सासरे म्हणाले, मे उजाडला की आम्ही काचांना चुना फासायचो. का, ते त्यांनाही सांगता येईना. पोरानं सांगितलं : सोलापूर साधारण साडेसतरा अक्षांशाच्या वर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून जरा उत्तरेला सरकतो आणि नेमका त्या काचांतून आत येतो. म्हणजे ज्यानं ही शेड बांधली त्यानं लाइटिंगचा विचार आधीच करून ठेवला होता. पोरांनी फक्त तो रात्री उलटा केला. दिवे आतल्या बाजूला, काचेच्या खालच्या चौकटीवर लपवले. आता रस्त्यावरून सात दाते ओळीनं मधाच्या रंगाचे दिसतात आणि दिवा कुठेच दिसत नाही.

आता मांडव. माझी अट एकच होती : हळद पिवळी दिसली पाहिजे. आधीच्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यांत हळद लागलेली नवरी आजारी दिसायची. (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळसर.) पोरांनी तीन दिवे लावून दाखवले. मी आईचं इरकल आणलं होतं, लाल टोप पदराचं, आणि ते तिन्हींखाली धरलं. स्वस्त दिव्याखाली पदर विटकरी, मधल्याखाली बरा, तिसऱ्याखाली आईच्या अंगावर दिसायचा तसा. तिसरा ३००० केल्विनचा, सीआरआय ९० चा होता. सीआरआय म्हणजे रंग किती खरा दिसतो त्याचे गुण, शंभरपैकी. पण दिवे घ्यायला जाल तेव्हा नुसता सीआरआय विचारू नका, लालसाठी आर नाइन म्हणून वेगळा आकडा असतो तोही विचारा. लग्नात कुंकू, शालू, मेंदी, सगळा कारभार लालकडेच झुकलेला. रस्त्यावर पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा लाल स्कूटर तपकिरी दिसायची, आठवतं? तेच दुखणं, थोडं सौम्य.

व्हिडिओवाल्यांची जुनी कटकटही गेली. मोबाइल धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकायचे. ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा डबा, स्वस्त असला की दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, आपल्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

खर्च लपवत नाही. फी ५५ हजार, माल आणि वायरिंग मिळून तीन लाख दहा हजार. बाहेरचा लोड १६०० वॅटवरून ५२० वर आला. बिलातला फरक बघून पैसे वसूल होतील असं समजून कुणी करू नका, त्याला फार वर्षं लागतील.

आता तक्रारी. गेटाजवळ जमिनीत पुरलेले चार दिवे जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मत्स्यालय झाले. काचेआड पाणी, पाण्यात एक मुंगळा. वर आयपी ६७ लिहिलेलं, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडला तरी चालेल असा. पोरं म्हणाली वायरमनची चूक, वायरमन म्हणाला माल खराब. पाच आठवडे हाच खेळ. शेवटी उकरून बघितलं तर खड्ड्याखाली खडीच टाकली नव्हती, पाणी मुरायला जागा नाही. वर जोड नुसता टेप गुंडाळून केलेला. तापलेल्या दिव्यावर गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि तो वायरीतूनच पाणी ओढतो, हे मला तेव्हा कळलं. चूक दोघांची. वायरमनची करण्याची, पोरांची न बघण्याची. डिझायनर जर खड्डा भरताना हजर राहणार नसेल तर नुसत्या नकाशाला काय करायचंय!

त्याआधी मेमध्ये दोन ड्रायव्हर गेले. ते पत्र्याच्या अगदी खाली बसवले होते. आपल्याकडे बाहेर ४३-४४ डिग्री, मग पत्र्याखाली काय असेल! ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा डिग्रीला ढोबळमानानं निम्मं होतं, असं हीच पोरं मला नंतर समजावत होती. नंतर! बॉक्स आता खाली, सावलीतल्या भिंतीवर आलेत. सोलापुरातल्याच पोरांना उन्हाचा विसर पडावा याचं नवल वाटलं.

आणि ते मोबाइल ॲप. इंग्रजीत, त्यात चौदा बटणं. आमचे वॉचमनकाका ते उघडून माझ्याकडे बघत बसायचे. दोन महिने भांडून चार साधी बटणं भिंतीवर बसवून घेतली, मराठी चिठ्ठ्या लावून : लग्न, पंगत, झाडलोट, रात्र. पंगतीचं बटण मला सगळ्यात आवडतं. ताटावर उजेड पुरेसा, भिंती जरा मंद, वाढणाऱ्याला आमटी कुठे संपली ते दिसतं.

पाचपैकी चार. मुंगळ्याचा एक कापला.

झगमगाटाबद्दल मिस्टरांची समजूत मी काढली नाही, सिद्धेश्वरानं काढली. पोरांनी त्यांना एका रात्री सिद्धेश्वर मंदिराच्या तळ्याच्या काठावर नेलं. मंदिर पाण्यात उलटं दिसतं ते पाणी काळं असतं म्हणून; तळ्यावरच फोकस मारला तर दिसेल फक्त शेवाळ. परत आल्यावर त्यांनी स्वतः रंगीत पट्टी काढून वॉचमनकाकांना गणपतीसाठी देऊन टाकली. तरी अजून कुणी वधूपिता येतो आणि म्हणतो, गुलाबी पाहिजे. त्याला आम्ही दोन पार लाइट, स्टेजवरचे रंगीत दिवे, भाड्यानं आणून देतो आणि सकाळी परत पाठवतो.

लिंबावर मात्र पोरांनी दिवा लावू दिला नाही. वर बगळे बसतात, त्यांना रात्र लागते म्हणाली. उजेड फक्त कट्ट्याच्या कडेखाली, बसणाऱ्यांच्या पायापुरता, बघणाऱ्याच्या डोळ्यात न जाणारा. त्यामुळे झालं असं, की पूर्वी आठला ओस पडणारा कट्टा आता दहापर्यंत भरलेला असतो. शेजारच्या काकूंनी गप्पांच्या आवाजाची तक्रार केली, ती रास्तच होती. टायमर लावून घेतला. साडेदहाला उजेड निम्मा होतो, एक जण "चला बे" म्हणतो, आणि सगळे चपला शोधायला लागतात.