मीटरवर पास, लोडवर नापास: नकली पॉवर ट्रान्झिस्टरचा अनुभव

घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांना २एससी५२०० आणि २एसए१९४३ या पॉवर ट्रान्झिस्टरच्या जोडीची ओळख करून द्यायला नको. २३० व्होल्ट, १५ अँपिअर, १५० वॉट. आउटपुटला ही जोडी लावली की त्या बाजूची काळजी मिटली, असं आपण सगळेच धरून चालतो. या विश्वासावरच काहींचा धंदा चालतो. त्यातल्याच एका ऑनलाइन विक्रेत्याने मला जो माल पाठवला त्यावर कंपनीचं नाव होतं, नंबर होता, लॉट कोडसुद्धा (कोणत्या खेपेत बनला ते सांगणारा आकडा) होता. आत मात्र भलताच ट्रान्झिस्टर होता.

सर्किट साधं होतं. अधिक-उणे ३५ व्होल्टचा सप्लाय, ८ ओहमचा स्पीकर, आउटपुटला एकच जोडी. करंट मर्यादित राहावा म्हणून सिरीजमध्ये बल्ब लावून वीज दिली, बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. आउटपुटवर डीसी जवळजवळ शून्य. बायस (सिग्नल नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडासा करंट) लावला, गाणं लावलं, आवाज स्वच्छ. मग बल्ब काढून आवाज वाढवला आणि थोड्या वेळात फ्यूज उडाला. जोडीतल्या एनपीएन ट्रान्झिस्टरचा, म्हणजे २एससी५२०० चा, कलेक्टर-एमिटर सरळ शॉर्ट (२एसए१९४३ हा उलट्या ध्रुवतेचा पीएनपी). नवा घातला, तोही तसाच गेला. स्पीकर वाचला तो केवळ डीसी प्रोटेक्शनचा रिले होता म्हणून.

अशा वेळी माणूस सर्किटच्या मागे लागतो, आणि नकली मालाचं खरं नुकसान इथे होतं. बायस करंट पुन्हा मोजला. एमिटरचे ०.२२ ओहमचे रेझिस्टर तपासले. अभ्रकाचा पत्रा आणि थर्मल पेस्ट बदलली. आउटपुट स्वतःच ऑसिलेट होतंय का, हे ऑसिलोस्कोपवर पाहिलं, ऑसिलेशन रोखणारं आउटपुटवरचं १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचं नेटवर्कही जागेवर होतं. सगळं ठीक. एकच गोष्ट खटकत होती: ट्रान्झिस्टर मेला तेव्हा हीटसिंक जेमतेम कोमट होता.

म्हणून कागद-पेन्सिल घेतली. क्लास बी आउटपुटमध्ये (दोन ट्रान्झिस्टर सिग्नलचा अर्धा-अर्धा भाग सांभाळतात तेव्हा) साइन वेव्हवर सर्वांत वाईट स्थितीत दोन्ही ट्रान्झिस्टरमध्ये मिळून जळणारी पॉवर म्हणजे सप्लाय व्होल्टेजच्या वर्गाची दुप्पट, भागिले (π चा वर्ग गुणिले लोड, म्हणजे स्पीकरचे ओहम). ३५ व्होल्ट आणि ८ ओहमला हे साधारण ३१ वॉट येतं, म्हणजे प्रत्येकी साडेपंधरा. १५० वॉटचा ट्रान्झिस्टर साडेपंधरा वॉटला, कोमट हीटसिंकवर मरतो? १५० वॉटचा आकडा केस (ट्रान्झिस्टरचं बाहेरचं आवरण) २५ अंशांवर असतानाचा असतो हे मान्य, पण इतका फरक त्याने पडत नाही. डेटाशीटच्या (कंपनीच्या माहितीपत्रकाच्या) हिशेबाने जंक्शन, म्हणजे चिपचा तापणारा भाग, आणि केस यांच्यामधला थर्मल रेझिस्टन्स दर वॉटला सुमारे ०.८३ अंश. म्हणजे साडेपंधरा वॉटला जंक्शन केसपेक्षा फार तर १३ अंशांनी जास्त तापायला हवं. उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचतच नव्हती. ती आतल्या आत चिपला भाजत होती.

एक मेलेला ट्रान्झिस्टर व्हाइसमध्ये धरून पक्कडीने फोडला. शेजारी जुन्या, भंगारात निघालेल्या ॲम्प्लिफायरमधला त्याच नंबरचा अस्सल, जळालेला ट्रान्झिस्टर फोडून ठेवला. नकलीची चिप अस्सलच्या चौथ्या हिश्श्याएवढीही नव्हती आणि तांब्याचा तळही पातळ. कुठलातरी छोटा ट्रान्झिस्टर मोठ्या अंगरख्यात घालून पाठवला होता. (कोणी हा उद्योग करणार असेल तर चष्मा घालून करा. जुने आरएफ पॉवर ट्रान्झिस्टर मात्र कधीही फोडू किंवा घासू नका. त्यांतल्या काहींच्या पांढऱ्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाणं अत्यंत घातक.)

मीटरने हे आधी का पकडलं नाही? कारण डायोड रेंजवर मल्टिमीटर जेमतेम एखादा मिलिअँपिअर सोडतो. त्या करंटला छोटी चिप आणि मोठी चिप सारख्याच वागतात. स्वस्तातले ट्रान्झिस्टर टेस्टरही काही मिलिअँपिअरवरच गेन (बेस करंटच्या किती पट कलेक्टर करंट वाहतो ते) दाखवतात. एनपीएन आहे, पाय अमुक क्रमाने आहेत, जंक्शन शाबूत आहेत, एवढंच त्यातून कळतं.

सोल्डर न करता, न फोडता पकडायची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे कपॅसिटन्स. जंक्शनचं क्षेत्रफळ जितकं मोठं तितका त्याचा कपॅसिटन्स जास्त. साध्या कपॅसिटन्स मीटरवर बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर मोजा आणि खात्रीच्या ट्रान्झिस्टरशी ताडून पाहा. डेटाशीटमध्ये २एससी५२०० साठी कलेक्टरचा आउटपुट कपॅसिटन्स २०० पिकोफॅरड आणि २एसए१९४३ साठी ३६० दिलेला आहे, पण तो १० व्होल्टच्या उलट्या व्होल्टेजवरचा. मीटर जवळजवळ शून्य व्होल्टवर मोजतो, त्यामुळे अस्सल भागाचं वाचन याहून बरंच मोठं यायला हवं. माझ्याकडच्या नकलींचं वाचन डेटाशीटच्या आकड्याहूनही खाली होतं. वाद तिथेच संपला.

दुसरी चाचणी गेनची, पण खऱ्या करंटवर. हीटसिंकवर ट्रान्झिस्टर बसवून, करंट लिमिट असलेल्या सप्लायवरून कलेक्टरला ५ व्होल्ट द्या आणि १ अँपिअर वाहील इतका बेस करंट सोडा. अस्सलमध्ये गेन ५५ ते १६० च्या दरम्यान. मग थोड्याच क्षणांसाठी करंट वाढवा. ७ अँपिअरलाही अस्सलचा गेन किमान ३५ राहतो. नकली त्याच्या कितीतरी आधीच ढेपाळतो आणि बेस करंट वेड्यासारखा वाढवावा लागतो.

छपाईवर फार विसंबू नका. एसिटोनच्या बोळ्याने अक्षरं निघाली आणि खाली घासलेला पृष्ठभाग दिसला तर माल नक्कीच पुन्हा छापलेला. पण नुसती अक्षरं निघणं पुरावा नाही, कारण काही अस्सल भागांवरही शाईची छपाई असते. उलट लेझरची सुबक अक्षरं नकली मालावरही असतात, माझ्याकडच्यावर होतीच. त्यापेक्षा एनपीएन आणि पीएनपी या दोन वेगळ्या भागांवर एकच लॉट कोड होता, तिकडे लक्ष जाणं जास्त उपयोगाचं.

बंद झालेल्या भागांचं तर विचारूच नका. २एसके१०५८ आणि २एसजे१६२ हे लॅटरल मॉसफेट आता बनत नाहीत, तरी ‘नवे’ हवे तेवढे मिळतात. अस्सल लॅटरलचा मधला पाय सोर्स असतो. त्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या साध्या व्हर्टिकल मॉसफेटचा मधला पाय ड्रेन असतो. डायोड रेंजवर आतल्या डायोडची दिशा पाहिली की हे लगेच उघडं पडतं. एलएम२५९६ (व्होल्टेज कमी करणारी स्विचिंग चिप) लिहिलेली तयार मॉड्यूल घेणाऱ्यांनी आउटपुट पिनवर फ्रीक्वेन्सी मोजावी. १५० किलोहर्ट्झ असायला हवी, ५० च्या आसपास दिसली तर चिप दुसरीच आहे, आणि जास्त रिपल (आउटपुट व्होल्टेजमधली थरथर) कुठून येतोय तेही कळेल. १८६५० या लिथियम सेलवर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेलं असेल तर मोजायचीही गरज नाही, एवढी क्षमता त्यात मावतच नाही.

आता विक्रेत्याची रीत. जाहिरातीतले फोटो अस्सल मालाचे. पाच तारे देणारे अभिप्राय ढिगाने, पण नीट वाचले तर जवळजवळ सगळे ‘पॅकिंग छान’, ‘लवकर मिळाला’ असेच. माल हातात पडला त्या दिवशी लिहिलेले. लोडवर चालवून लिहिलेला एखादाच, आणि तो एका ताऱ्याचा. मी वाचायची सुरुवात आता तिथूनच करतो. तक्रार केल्यावर पहिलं उत्तर आलं, ‘तुमच्या सर्किटमध्ये दोष असेल.’ दुसरं, ‘सोल्डर केलेला माल परत घेत नाही.’ ही अट मुद्दाम असते, कारण सोल्डर केल्याशिवाय बहुतेकांना फसवणूक कळतच नाही. तिसऱ्या उत्तरात अर्धे पैसे देऊ केले, बदल्यात अभिप्राय काढून टाकायचा. तो मी काढला नाही.

पूर्ण पैसे मिळाले ते विक्रेत्याकडून नाही, ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याच्या तक्रार विभागाकडून. तिथे ‘ॲम्प्लिफायर जळतो’ असं लिहून काही होत नाही. न सोल्डर केलेल्या नगांची कपॅसिटन्सची वाचनं, शेजारी डेटाशीटचं पान, आणि मिलिमीटरची पट्टी ठेवून काढलेला दोन्ही चिपचा फोटो, एवढं जोडलं. म्हणून अशा खरेदीत दोन नग तरी सोल्डर न करता ठेवा, पाकीट उघडताना फोटो काढा आणि तक्रारीची मुदत संपायच्या आत लोडची चाचणी उरकून घ्या. मुदत माल पोहोचल्यापासून मोजतात, सर्किट पुरं झाल्यापासून नाही.

उरलेल्या नगांचे पाय मी कापून टाकले. खणात परत गेले असते तर पुढच्या दुरुस्तीत कोणता कुठला हे कोणाला ओळखू आलं असतं?