दोन नाण्यांवर एकच काप: रोमन चांदीच्या नाण्यांत माझी झालेली फसवणूक

कोइमतूर भागातील एका जुन्या घरगुती संग्रहातली म्हणून मी तीन रोमन चांदीची नाणी 57,400 रुपयांना घेतली. त्यांतले 20,000 आगाऊ दिले आणि 37,400 कुरिअरची पावती पाहिल्यावर पाठवले. तिन्ही नाणी खोटी निघाली. हे लिहिताना लाज वाटते, पण ती विकणारा माणूस अजूनही नाणी विकतो आहे.

एक नाणे रोमन सम्राट ऑगस्टसचे होते. त्याच्या मागच्या बाजूला ढाली-भाल्यांसह उभे असलेले त्याचे दत्तक पुत्र गायस आणि लुशियस. उरलेली दोन त्याच्यानंतरच्या सम्राट टायबेरियसची. पुढे पर्णमुकुट घातलेले सम्राटाचे मस्तक आणि मागे हातात फांदी धरून बसलेली स्त्री, जिला अनेक अभ्यासक त्याची आई लिव्हिया मानतात. दक्षिण भारतातल्या ठेव्यांत हेच दोन प्रकार विपुल सापडतात, त्यामुळे मला संशय आला नाही.

टायबेरियसच्या गालावर छिन्नीचा काप होता. भारतात मिळालेल्या रोमन नाण्यांवर असे काप आढळतात, हे मला ठाऊक होते आणि त्या कापावरच मी विश्वास टाकला. दोन्ही नाण्यांवर तो काप नाकपुडीपासून कानापर्यंत, त्याच लांबीचा, त्याच तिरक्या रेषेत होता! हाताने मारलेला घाव दोन नाण्यांवर तंतोतंत सारखा पडेलच कसा? दोन्ही छायाचित्रे चार दिवस माझ्या फोनमध्ये होती, मी ती रोज पाहत होतो, आणि तरीही ती शेजारी-शेजारी ठेवून एकदाही पाहिली नाहीत. याचा संताप अजून जात नाही. तुम्ही मात्र दोन नाणी घेणार असाल, तर आधी ती एकमेकांशी ताडून पाहा.

सराफाच्या काट्यावर एकाचे वजन 2.94 ग्रॅम भरले. त्या काळचे अस्सल देनारियस, म्हणजे हे रोमन चांदीचे नाणे, साधारण पावणेचार ग्रॅमचे असते. भिंगातून कडेवर साच्याचा सांधा स्पष्ट दिसला. रोमन टांकसाळीत ही नाणी ठशांवर घाव घालून पाडत, त्यामुळे असा सांधा दिसला की व्यवहार तिथेच थांबवा. वजन आणि कडेचे छायाचित्र न देणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

पोलीस ठाण्यात मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा हा दिवाणी वाद असल्याचे सांगण्यात आले, दुसऱ्यांदा संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते आणि तिसऱ्यांदा, पुरातन वस्तू विकत घेतल्याच कशा, असा उलट प्रश्न मलाच विचारण्यात आला. नाणी जमिनीत सापडली असती, तर गाडलेल्या ठेव्यांविषयीचा 1878 चा निखात निधी कायदा लागू झाला असता, याची मला जाणीव आहे. पण ती आजोबांच्या संग्रहातली असल्याचे विक्रेत्याने लेखी कळवले होते, आणि तो संदेश दाखवूनही कोणी वाचला नाही. अर्जाची पोहोचसुद्धा मिळाली नाही. बँकेने, पैसे तुम्हीच पाठवलेत, एवढेच उत्तर दिले. पैसे गेल्याचे कळताच त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळवा. मी नाणी तपासण्यात अकरा दिवस घालवले.

काल मला त्याच विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली. टायबेरियसचे नाणे, किंमत 18,500 रुपये, आणि गालावर तोच काप.